स्टेडियम बांधा, शहर तारा : नवख्या महापौरांसाठी पाच सोपे धडे

अभिनंदन! खुर्ची मिळाली, आता स्मारक हवं. सांडपाण्याच्या वाहिन्या जमिनीखाली जातात, त्या कोणाला दिसत नाहीत. स्टेडियम विमानातूनही दिसतं. या विद्येचं माहेरघर अमेरिका, म्हणून दाखलेही तिथलेच.

धडा १ : आधी घाबरवा. संघमालकाला ‘आम्ही शहर सोडतो’ असं जाहीरपणे म्हणू द्या. कोणाला ही पोकळ धमकी वाटलीच, तर सिएटलचं नाव घ्या. नव्या मैदानाचं जमेना, तेव्हा तिथला बास्केटबॉल संघ २००८ मध्ये बाडबिस्तरा गुंडाळून ओक्लाहोमा सिटीला गेला. मग विरोधकही ‘शहराची अस्मिता’ म्हणू लागतील.

धडा २ : अहवाल मागवा. सल्लागाराला फीच्या आधी उत्तर सांगून ठेवा. पुढची रीत अशी : शनिवारी चौघांचं कुटुंब सामन्याला आलं. तिकिटं, पार्किंग, पॉपकॉर्न, धाकट्यासाठी टोपी. हा सगळा खर्च ‘शहराचा फायदा’ या रकान्यात टाका. सामना नसता तर हेच कुटुंब सिनेमा बघून कोपऱ्यावरच्या हॉटेलात जेवलं असतं, तेव्हा एका गल्ल्यातले पैसे दुसऱ्या गल्ल्यात गेले एवढंच, हे लिहू नका. आलेल्या रकमेला गुणक लावा, शंभराचे दोनशे होतात. खेळाडूंचे गलेलठ्ठ पगारही स्थानिक उत्पन्नात धरा. हंगाम संपला की त्यातले बरेचजण दुसऱ्या गावी जाऊन तिथे खर्च करतात, तिकडे काणाडोळा करा. स्टेडियममुळे शहराचं उत्पन्न फारसं वाढत नाही, असं अर्थशास्त्रज्ञ कित्येक वर्षं आकडेवारीनिशी सांगताहेत. त्यांना परिशिष्टातही जागा देऊ नका.

धडा ३ : रोजगार मोजा, दिवस मोजू नका. बांधकामावरचे मजूर काम संपलं की जातात. मागे उरतात तिकीट तपासणारे आणि पॉपकॉर्न विकणारे, तेही सामन्यापुरते. अमेरिकन फुटबॉलच्या संघाचे घरच्या मैदानावरचे साखळी सामने वर्षाला आठ-नऊ. उरलेल्या साडेतीनशे दिवसांना अहवालात ‘अफाट क्षमता’ म्हणावं.

धडा ४ : वाटणी चोख ठेवा. खर्च जनतेचा, कमाई मालकाची. मायामीत मार्लिन्स या बेसबॉल संघासाठी ६० कोटी डॉलरहून अधिक खर्चून उभारलेलं स्टेडियम २०१२ मध्ये सुरू झालं. तीन चतुर्थांशाहून जास्त भार सरकारी तिजोरीवर. मालक जेफ्री लोरिया यांनी २००२ मध्ये १५.८५ कोटी डॉलरला घेतलेला संघ २०१७ मध्ये १२० कोटींना विकला. स्टेडियमने भरभराट होत नाही असं कोण म्हणतं? कोणाची, एवढंच विचारायचं नसतं.

धडा ५ : कर्ज लांब मुदतीचं घ्या. म्हणजे फेडताना तुम्ही पदावर नसता. सिएटलचं किंगडोम १९७६ मध्ये उघडलं आणि २६ मार्च २००० रोजी सुरुंग लावून पाडलं. त्याचं कर्ज फिटलं २०१५ मध्ये. पंधरा वर्षं हप्ते चालू होते आणि ज्याचे हप्ते, ते स्टेडियमच उरलं नव्हतं. त्याच जागेवर एव्हाना दुसरं उभं राहिलं होतं!

नेहमीच्या शंका. सभेत कोणी विचारेल, ‘एवढा नफा आहे, तर मालक पदरचे पैसे घालून का बांधत नाही?’ वेळेअभावी विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब करा. मायामी-डेड काउंटीचे महापौर कार्लोस आल्वारेझ यांचं मात्र इथेच गणित चुकलं. मालमत्ता करातली वाढ आणि स्टेडियमचा करार यांवरून लोक भडकले आणि मार्च २०११ मध्ये ८८ टक्के मतदारांनी त्यांना मुदत संपण्याआधीच घरी बसवलं. स्टेडियमचं उद्घाटन व्हायला तेव्हा वर्ष बाकी होतं. मतदारांची सभा तहकूब करण्याचा अधिकार महापौरांना नसतो, हे या मार्गदर्शिकेतलं एकमेव खरं वाक्य.