फुल ओवा, हाफ सुंठ

काकाजी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, पण लोकांची तिकिटं फाडणं काही त्यांनी सोडलेलं नाही. फक्त आता तिकिटाच्या जागी ओवा असतो.

बाळापूरच्या आमच्या गल्लीत कोणी शिंकलं, की त्याने रुमाल खिशात घालायच्या आत काकाजी दारात हजर. काखेत पत्र्याची पेटी. तिकिटांची खरी पेटी निवृत्त होताना डेपोत जमा करावी लागली, म्हणून त्यांनी पत्रेवाल्याकडून हुबेहूब तशीच करून घेतली. ज्या कप्प्यांत रुपयाची, दोन रुपयांची, पाच रुपयांची तिकिटं खोचलेली असत, तिथे आता मीठ, मेथीदाणा, बडीशेप, ओवा, जिरं, सुंठ, लवंग आणि शेवटी हिंगाची डबी, अशी चढत्या भाड्याने मांडणी आहे. हिंग सगळ्यांत महाग, म्हणून तो लांब पल्ल्याच्या दुखण्यालाच मिळतो.

तपासणीही जुन्याच रिवाजाने चालते.

"कळ कुठून चढली?"

"बेंबीपासून."

"उतरते कुठी?"

"उतरूनच नाही राह्यली ना, काकाजी."

"मंग विनातिकीट हाय ते. थांब, उतरवतो तिले."

एवढं बोलून ते चिमूटभर ओवा तळहातावर घेतात, अंगठ्याने चोळतात, फोलपटं फुंकरीने रोग्याच्याच अंगावर उडवतात आणि वर काळं मीठ भुरभुरतात. "चावजो. तसाच गिळजो नोको. वरून कोमट पानी घेजो." मग समोर बसून वाट पाहतात. रोग्याला ढेकर आला, की पेटीवर दोनदा टिचकी. डबल बेल! रोगी मार्गस्थ.

बाळापुरात एके काळी हातकागद व्हायचा. काकाजींनी मात्र आजवर कोणाला चिठ्ठी लिहून दिलेली नाही. सगळा कारभार तोंडी. मन नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे, तिकडे ते संध्याकाळी पाय मोकळे करायला जातात तेव्हाही पेटी बरोबर असते. फोटो काढायला आलेल्या पाहुण्यांना छत्रीचं कोरीवकाम नंतर कळतं, स्वतःच्या जिभेवर थर साचला आहे ही बातमी आधी.

औषधाची मात्रा ते एसटीच्या नियमाने ठरवतात. पाच वर्षांखालचं लेकरू मोफत, म्हणजे त्याला औषधच नाही. पाच ते बारा हाफ. त्यावर फुल. पासष्टी उलटली की पुन्हा हाफ. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट केली आणि गल्लीतली म्हातारी मंडळी काढ्यातून कायमची सुटली. पुढे मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं, तसा त्यांचा काढाही अर्ध्या कपावर आला. कोणत्याही सरकारी योजनेचा लाभ इतक्या थेट घशापर्यंत पोचलेला मी पाहिलेला नाही.

पेटीतलं सगळंच भाकड आहे, असं मात्र म्हणता येत नाही. पारसच्या वीज केंद्रात कामाला असलेल्या आमच्या शेजाऱ्याची दाढ एका रात्री ठणकली. काकाजींनी लवंग दिली. "दाढेखाली दाबून ठेव. बोलजो नोको." रात्र निभावली. दुसऱ्या दिवशी शेजारी अकोल्याला दातांच्या डॉक्टरकडे गेला. त्यांनी दाढ कोरून तात्पुरतं सिमेंट भरलं, तर त्याला वास लवंगेचाच! लवंगेच्या तेलातलं युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून हे सिमेंट करतात. ही बातमी काकाजींनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "लवंग आमचीच. तिकीट तेवढं शिवशाहीचं."

हळदीचं नाव काढलं तर निदान तासाची निश्चिंती. जखमेवर हळद लावण्याची युक्ती आपलीच, असं म्हणून मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोघांनी १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळवलं होतं. माशेलकरांच्या सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि छापील लेख पुरावा म्हणून पुढे केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द करायला लावलं. काकाजींच्या तोंडी हा इतिहास दोन वाक्यांचा आहे. "आपल्या हळदीवर अमेरिकेनं रुमाल टाकला होता. माशेलकर साहेबानं थो उचलून खिडकीतून बाहीर फेकला." उरलेला वेळ रुमाल टाकून जागा धरणाऱ्या समस्त प्रवासी जमातीच्या उद्धारात जातो.

पण काकाजींचा हुकमी एक्का पेटीत नाहीच. तो पथ्यात आहे. औषध देताना त्यांचा हात जेवढा सैल, तेवढा पथ्य सांगताना आवळ. सर्दी झाली? ताक बंद. खोकला? मिरचीचा ठेचा बंद. सर्दी-खोकला दोन्ही आणि त्यातून रविवारी शेतात रोडग्यांचा बेत? मग रोडगे बंद, वांग्याची भाजी बंद, शिवाय शेतात जाणंही बंद, कारण वाफ नाकात जाते. सर्दी अशीही आठवडाभरात आपल्या पायांनी जाते. काकाजींच्या रोग्याची सर्दी मात्र शनिवारी रात्रीच जाते. माणूस खणखणीत आवाजात जाहीर करतो, "काकाजी, मी एकदम ठणठणीत!" काकाजी डबल बेल देतात. आणखी एक रोगी बरा झाला, हे नाकारणार कसं?

या सगळ्या धर्मार्थ दवाखान्याचा खर्च काकू सोसतात. काकाजींना स्वतःचा चहासुद्धा करता येत नाही. साखर कोणत्या डब्यात आहे हे ते आजही ओरडून विचारतात. जिरं मात्र डोळे मिटून काढतात. "गावाचे पोटं साफ, आन माह्या फोडणीले जिरं नाही," हे काकूंचं रोजचं गाऱ्हाणं. काकू अंगणवाडीत होत्या. तिथल्या नोकरीत त्यांनी किती लेकरं तोलली त्याचा हिशेब नाही. काकाजींच्या लेखी काकू म्हणजे तपासणीस, आणि घरात त्यांना भीती एकाच गोष्टीची: तपासणीस कधी गाडीत चढेल त्याचा नेम नसतो.

या तपासणिसाची कलमं मोजकी. कान दुखतो म्हणून कानात लसणाचं तेल ओतायचं नाही. भाजलं तर तूप-हळद नाही, वीस मिनिटं साधं नळाचं वाहतं पाणी. वर्षाच्या आतल्या लेकराला मधाचं बोटही नाही. डोळ्यात पाण्याशिवाय काही नाही. काकाजींनी एकदा दबक्या आवाजात गुलाबपाण्याचा विषय काढला होता. त्या रात्री त्यांना भाजीशिवाय भाकर मिळाली.

मे महिन्यातली गोष्ट. अकोल्याचा पारा ४५ अंशांवर. खिशात कांदा ठेवल्याशिवाय काकाजी ओटा उतरत नव्हते. गल्लीतलं एक सात वर्षांचं पोट्टं लग्नातलं जेवण जेवून आलं आणि रात्रीपासून त्याला हगवण लागली. सकाळी आई त्याला उचलूनच घेऊन आली. काकाजींनी पेटी उघडली. "जायफळ उगाळतो. सुंठ हाफ. वरून भाजलेली बडीशेप..."

काकू हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी पोराचे डोळे पाहिले, जीभ पाहिली, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती हळूहळू खाली बसली.

"पेटी बंद करा," काकू म्हणाल्या. "लघवीले कधी गेला होता व हा?"

"रातच्यालेच, काकू. तवापासून नाही."

घरात ओआरएसची पुडी नव्हती. काकूंनी उकळून गार केलेलं लिटरभर पाणी घेतलं, चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. ढवळून स्वतः चव घेतली आणि चमच्या-चमच्याने पाजायला बसल्या. वांती झाली तर जरा थांबायच्या, पुन्हा सुरू. काकाजींनी हळूच विचारलं, "हाफ द्यायचं का?"

"पानी आहे थे. फुल द्या. आन ऑटो बोलवा."

दवाखान्यापर्यंतच्या वाटेवरही चमचा चालूच होता. डॉक्टरांनी पोराला तपासलं, दाखल करून घेतलं आणि पाणी पाजत आणलं हे फार बरं केलं, असं म्हणाले. वर असंही सांगितलं, की १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन अपुरं पडलं, तेव्हा कलकत्त्याच्या डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-साखरेचं पाणी पाजून लोक वाचवले होते. पोट्टं दोन दिवसांत घरी आलं आणि गल्लीत क्रिकेट खेळायला लागलं.

काकाजींनी हे सगळं नीट ऐकून घेतलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ओवा, सुंठ, लवंग मागच्या सीटवर बसवले. आता सगळ्या रोगांवर एकच गाडी: मीठ-साखरेचं पाणी. डोकं दुखतं? पाणी. झोप येत नाही? पाणी. गुडघा वाजतो? "आवाज कायचा येते? कोरडा पडला थो. तहान लागली त्याले." मधुमेह असलेले मास्तर पेला घेऊन ओट्यावर बसलेले दिसले, तेव्हा तपासणीस तातडीने गाडीत चढला. पेला जप्त झाला, मास्तरांना घरी पाठवण्यात आलं, आणि साखरेच्या डब्याला कुलूप लागलं.

दवाखाना बंद पडेल अशी गल्लीची अटकळ होती. पण कंडक्टरने कधी सुट्या पैशांपायी गाडी उभी केली आहे का? सध्या येईल त्याला काकाजी आधीच बजावून ठेवतात, "मीठ आमचं, पानी आमचं. साखर घरून सुटी आनजो, बाप्पा. इथं कोनाले मोड भेटत नाही."