विरार लोकलमध्ये सद्गुणी व्हा : नवशिक्यांसाठी

रीलवर रोज एक दाढीवाला ग्रीक येतो आणि शांत राहा म्हणतो. त्याचं काय जातंय? त्याला दादरला गाडीत चढायचं नसतं. तरी घाबरू नका. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात सोपारा बंदराचा उल्लेख आहे. म्हणजे नालासोपारकरांची तयारी जुनीच.

१. आधी गुरू निवडा. एपिक्टेटस घ्या. जन्माने गुलाम, पायाने अधू. विरारचा पास काढायला याहून लायक माणूस नाही. त्याच्या सांगण्याप्रमाणे दोन रकाने आखा : आपल्या हातात काय, काय नाही. गाडीची वेळ, पाण्याचा टँकर, शेजाऱ्याचं कोपर : हातात नाही. आपलं कोपर : हातात. लावा कामाला.

२. सुवर्णमध्य साधा. अॅरिस्टॉटलच्या मते भित्रेपणा आणि आततायीपणा यांच्या मधोमध शौर्य असतं. पुढच्या गाडीची वाट पाहणं भित्रेपणा, दाराला लोंबकळणं आततायीपणा. मध्य म्हणजे चौथी सीट. एक मांडी बाकावर, दुसरी अधांतरी, पिशवी तिसऱ्याच्या गुडघ्यावर. "जरा सरका" असं कोणी म्हटलं तर हसा, श्वास आत घ्या, पण सरकू नका. उदारपणाचा अतिरेकही दोषच.

सद्गुण सवयीने अंगी बाणतात, हेही त्याचंच. म्हणून विंडोसाठी नालासोपाऱ्याहून रोज उलटे विरारला जा, रिटर्न मारा. सहा महिन्यांत लाज वाटेनाशी होते.

३. प्रश्न विचारा. सॉक्रेटिस आयुष्यभर तेच करत होता. संध्याकाळच्या गाडीत बोरिवलीवाला शिरला की सौम्यपणे विचारा, "बोरिवलीची गाडी नव्हती का?" मग, "विरारच कशाला पकडली?" त्याला स्वतःचं अज्ञान कळेल. बोरिवलीला उतरता आलं नाही, तर भाईंदरपर्यंत संयमही कळेल, बिचाऱ्याला. अथेन्सने सॉक्रेटिसला इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये विष पाजलं. तुम्हाला ग्रुपवाले वेफर्स देतील.

४. न्याय. वेळ मिळाल्यास.

५. मन हलकं करा. भाईंदर-नायगावच्या मधे खाडीवरचा पूल आला की निर्माल्याची पिशवी दारातून भिरकावा, नारळासकट. नमस्कार करा, डोळे मिटून. पाणजू बेटावरची माणसं त्याच पुलाच्या कडेने पायी जातात, पण डोळे मिटलेले असल्याने ती दिसत नाहीत. सोपाऱ्यात सापडलेल्या अशोकाच्या नवव्या आदेशलेखात पोकळ विधींपेक्षा दास-नोकरांशी नीट वागणं बरं, असं काहीसं आहे म्हणतात. असेल. तो ग्रीक नव्हता, त्याची रील कोणी पाठवत नाही. पाणजूवाल्यांना सरळ दुसऱ्या रकान्यात टाका : हातात नाही. आणि दारातून बाजूला व्हा, नायगाव आलं.