टिपेल तो टॉवेल कसला!

टॉवेलवर मशीनने नाव भरणाऱ्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. सोलापुरी टेरी टॉवेलचे लूप पाणी टिपायला ताठ उभे असतात आणि भरतकामाचे टाके गिळतात. हा उद्धटपणाच! म्हणून खाली बॅकिंगचा कागद, वर पाण्यात विरघळणारी पारदर्शक फिल्म आणि मध्ये लूप चेपत जाणारे दाट टाके. आमच्या लग्नातल्या जोडीवर तर ‘चि. सौ. कां.’सकट पूर्ण नावं आहेत. त्या जागी गाल खरवडतो, पाणी जिथल्या तिथे राहतं. पुढच्या आवृत्तीत वंशावळही भरावी; टॉवेल कोरडा राहील. या साऱ्या मांडणीत पाण्याशी सख्य एकट्या फिल्मचं. ती पहिल्याच धुण्यात गेली. टॉवेल शोकेसमध्ये आहेत. अंग पुसायला बाबांचं जुनं धोतर. कोपऱ्यात लाँड्रीवाल्याची शाईची खूण तेवढी.