क्लिपरराव, तुमचे उपकार!

श्री. क्लिपर चिप यांस,
स. न. वि. वि.

१६ एप्रिल १९९३ रोजी व्हाइट हाउसनं तुमच्या जन्माची दवंडी पिटली. तीस वर्षं उलटली, तरी तुमचे आभार मानायचे राहूनच गेले.

केवढी ती माया! अमेरिकन माणसाचं फोनवरचं बोलणं कुणी चोरून ऐकू नये, म्हणून तुम्ही जातीनं पहाऱ्याला बसणार होतात. तुम्हाला पोटात घेतलेला एटी अँड टी कंपनीचा एक डबा फोन आणि रिसिव्हर यांच्यामध्ये जोडायचा, बटण दाबायचं, की संभाषण कुलूपबंद. किल्ली मात्र सरकारजमा. तीही दोन तुकडे करून, दोन खात्यांकडे. देवळाच्या दानपेटीला दोन विश्वस्तांची दोन कुलपं असतात ना, तसं. तिथेही विश्वस्तांचं एकमत झालं की पेटी उघडतेच म्हणा.

शिवाय सगळं ‘ऐच्छिक’! हा शब्द सरकारच्या तोंडून ऐकला की आम्ही भारतीय खिशातलं आधार कार्ड चाचपतो.

तुमची कुलूपविद्या, स्किपजॅक, गुप्तहेर खात्यानं रचलेली आणि गुप्तच ठेवलेली. पण १९९४ साली संशोधक मॅट ब्लेझ यांनी दाखवलं, की सरकारला किल्लीपर्यंत नेणाऱ्या तुमच्या खुणेची पडताळणी अवघ्या १६ बिटांची. म्हणजे ६५,५३६ शक्यता. यंत्र सरासरी तासाभराच्या आत खोटी खूण जुळवतं. मग कुलूप शाबूत आणि सरकार दाराबाहेर! आणि हे ब्लेझ नोकरीला कुठे? एटी अँड टीच्याच बेल लॅब्समध्ये. घरचाच भेदी.

पण तुमचा खरा उपकार वेगळाच. आपण बरं, आपलं कोडिंग बरं, अशा स्वभावाची माणसं तुम्ही चळवळीत ओढलीत. संगणकवाल्यांच्या संघटनेनं तुमच्याविरुद्ध अर्ज काढला, त्यावर हजारोंनी सह्या केल्या. ‘इंटेल इनसाइड’च्या चालीवर ‘बिग ब्रदर इनसाइड’ अशी चिकटपट्टी निघाली. चांगल्यांसाठी ठेवलेलं चोरदार वाईटांना ओळख विचारत नाही, हे गणित त्यांना येत होतंच. ते कायदे करणाऱ्यांपुढे जाऊन मांडावं लागतं, हे तुम्ही शिकवलंत. १९९६ येईतो तुम्ही निजधामाला गेलात.

गोतावळा मात्र मागे आहे. २०२१ च्या आमच्या आयटी नियमांत ‘संदेश मुळात कुणी धाडला ते सांगा’ म्हणणारं कलम आहे. नाक थेट तुमच्यावर गेलंय. व्हॉट्सॲपनं २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं, त्यासाठी कुलूप तोडायला लावलंत तर आम्ही चाललो. इथंही कोडिंगच्या नोकरीतली पोरं अर्ज लिहू लागली, तर दोष तुमच्या घराण्याचाच.

पाकीट चिकटवलेलं नाही. उगाच तुम्हाला वाफेवर धरायचा त्रास नको.

आपला,
एक कुलूपप्रेमी