खरेदीखत आणि खटका

पुण्यात जुनी सदनिका विकत घेऊ पाहणाऱ्या गृहस्थाच्या हितरक्षणासाठी वकिलापासून दुय्यम निबंधकापर्यंत एवढी मंडळी सिद्ध असतात, आणि मागील ३० वर्षांचे दस्त धुंडाळून मिळकत निर्वेध व बोजारहित असल्याचा निर्वाळा वकीलसाहेब इतक्या गांभीर्याने देतात, की त्या घरात एकदा इस्त्री लावून पाहावी हा विचारसुद्धा त्याला अप्रशस्त वाटू लागतो. आमच्या कुटुंबाला असला संकोच नाही. "कागद तुम्ही बघा, प्लग मी बघते," असे म्हणून ती ओळखीच्या वायरमनलाच घेऊन आली.

त्याने दिवाणखान्यातला पहिलाच बोर्ड उघडला. प्लगाच्या तीन छिद्रांपैकी वरचे, अर्थिंगचे छिद्र, एखाद्या संस्थेच्या मानद अध्यक्षासारखे निघाले: स्थान सर्वांत उंच, आकार सर्वांत भारदस्त, आणि मागे कसलाच संबंध जोडलेला नाही. शयनगृहात खटका बंद करूनही टेस्टरमधला इवलासा दिवा डाव्या छिद्रात तांबूस हसत होता. "वहिनी, फेज उजवीकडे पाहिजे. इथं उलटी जोडणी आहे. खटका न्यूट्रल तोडतोय, करंट तसाच उभा," वायरमन म्हणाला. स्वयंपाकघरात तर पिनेचा आडपडदा न ठेवता दोन उघड्या तारा थेट भोकांत घालून काडेपेटीच्या दोन काड्यांनी त्या घट्ट बसवल्या होत्या. त्यांतील एकीचा गूल अद्याप शाबूत होता.

विक्रेते गृहस्थ अविचल होते. "तो प्लग आम्ही वापरतच नाही," "तिथं फक्त रेडिओ असतो," "फ्रिजला हात लावताना चप्पल घातली की काही होत नाही," अशी त्यांची जबानी क्रमाक्रमाने नोंदली गेली.

मी खरेदीखताचा मसुदा पुन्हा चाळला. तिसऱ्या मजल्यावरील त्या सदनिकेबरोबर जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण आणि निधिनिक्षेप यांवरील यच्चयावत हक्क मला वंशपरंपरागत मिळणार होते. प्लगांविषयी मात्र अवाक्षर नव्हते. वकीलसाहेबांच्या मते ती बाब 'जशी आहे तशी' या शब्दांत अंतर्भूत होती. काष्ठात त्या काड्याही आल्याच, म्हणा.

अखेर नव्या वायरिंगचा खर्च किमतीतून वजा झाला, आणि ३० मिलीअँपियर प्रवाह गळताच पुरवठा तोडणारे, वायरमन मंडळी ज्याला ईएलसीबी म्हणतात ते यंत्र दारामागे बसले. म्हणून घर घेणारांस माझी नम्र सूचना अशी, की वकिलाचे ३० अवश्य पाहावेत, पण वायरमनचे ३० त्याआधी पाहावेत. कारण विस्मृतीत गेलेला एखादा वारस हक्क सांगायला आलाच, तर तो निदान रीतसर नोटीस तरी देतो.