हे कुणी बशिवलं हुतं?

ट्रकच्या पुढच्या चाकाचा ड्रम खाली उतरला की चाक-मिस्त्री आत डोकावतो, सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात ढकलतो आणि विचारतो, "हे कुणी बशिवलं हुतं?" उत्तराशी त्याला देणंघेणं नसतं. आधीचा मिस्त्री अडाणी होता हे एकदा जाहीर झाल्याशिवाय त्याचा हात चालत नाही. कधीकधी आधीचा मिस्त्री म्हणजे हा स्वतःच निघतो. मग दोष ग्रीसच्या डब्यावर जातो.

कराड-कोल्हापूर पट्ट्यात दसऱ्याच्या सुमाराला हा माणूस हाती लागणं कठीण. पावसाळाभर झाडाखाली उभे असलेले ट्रक गळीत हंगामाच्या आत त्याच्या दारात लागतात, आणि त्यांत एखादा टाटा 1210 असतोच. 1954 साली टाटांच्या टेल्कोनं डाइम्लर-बेंझशी करार करून ट्रक काढले, त्या घराण्यातली ही गाडी. म्हणून मिस्त्री तिला अजून 'मर्सिडीज' म्हणतो. 1210 मधले 12 म्हणजे मालासकट 12 टन. हा हिशोब कंपनीचा. उसाच्या फडात तो कुणी विचारत नाही, आणि मिस्त्रीची चूल त्यावरच पेटते.

"मिस्त्री, दुपारपतूर हुईल न्हवं?"

"हुतंय की."

कुठली दुपार, हे दोघंही बोलत नाहीत.

बेरिंगं डिझेलमध्ये धुवायची. डिझेल अर्थात गिऱ्हाइकाच्याच टाकीतलं. धुतलेलं बेरिंग पोऱ्या कॉम्प्रेसरच्या हवेवर गरगर फिरवतो, ते शिट्टी मारतं, आणि त्याच क्षणी मिस्त्रीचं फडकं पोऱ्याच्या पाठीवर बसतं. कोरडं बेरिंग असं पळवलं तर रोलर खराब होतात, फुटून डोळ्यातही जातात. ब्रेक लायनरची धूळ मात्र हाच पोऱ्या त्याच हवेनं उडवतो तेव्हा मिस्त्री गप्प. जुन्या लायनरात ॲस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्यानं पुसा म्हटलं तर म्हणतो, "आमच्या छातीला सवय हाय."

पण ग्रीस भरताना त्याला बघावं. डाव्या तळव्यावर ग्रीसचा गोळा, उजव्या हातात बेरिंग, जाड तोंड खाली. तळव्याच्या कडेला ते दाबत, खरवडत राहायचं, रोलरच्या फटीतून ग्रीस वरच्या अंगानं डोकावेपर्यंत. मग जरा फिरवून पुढची फट. या वेळी फोन वाजला तरी घेत नाही. मालकाचाही नाही, बायकोचाही नाही. वरून नुसतं ग्रीस फासणाऱ्याला तो माणसांत धरत नाही. आणि त्या हाताचं बोट लायनरला लागलं तर संपलंच : ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढणार.

ब्रेक जोडताना नियम एकच. एक चाक उघडं असताना दुसऱ्याला हात लावायचा नाही. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात, हे अडलं की पोऱ्याला पलीकडं पाठवायचं. तिकडचं चाक हे मिस्त्रीचं गाईड. परीक्षेला बसलेल्या पोरासारखा तो मधूनच तिकडं चोरून बघून येतो आणि येताना लघवीला गेल्याचा आव आणतो.

मग हब चढवायचा, ड्रम फिरवत फिरवत नट आवळायचा, आणि पुन्हा किंचित मागं घ्यायचा. किती? "हाताला कळतंय." कुणा हौशी मालकानं आणून दिलेला टॉर्क पाना भिंतीवर आहे. खंडेनवमीला हळदकुंकवापुरता खाली उतरतो.

इतका कंजूष माणूस, वाकडे खिळेसुद्धा ठोकून सरळ करणारा. पण नटाची स्प्लिट पिन जुनी घालणार नाही. मालक म्हणतो, "चांगली हाय की अजून, सरळ करून घाला." मिस्त्री काही बोलत नाही. पिन रस्त्यापलीकडच्या गटारात भिरकावतो आणि पोऱ्याला दुकानात पिटाळतो.

चाचणीला दोन-चार किलोमीटर जाऊन यायचं. मिस्त्री खाली उतरून पालथा हात हबला लावतो. कोमट लागला तर ठीक. हात ठेववेना तर नट आवळ झालाय, पुन्हा उघडा. आज कोमट आहे.

"मजुरी किती झाली?"

"द्या की समजून."

समजून दिलेल्या नोटा तो मोजत नाही, नुसत्या जाडीवरून जोखतो. मग मान तिरकी करून चालू इंजिनाकडं कान लावतो.

"पुढचं झालं वो. पर मागं काय वाजतंय?"

ड्रायव्हरनं गिअर टाकलेला असतो.

"मागचं कुणी बशिवलं हुतं?"