तीन थांब्यांचे वस्ताद

कोल्हापुरात ‘वस्ताद’ म्हटलं की माणसं तालमीकडे बोट दाखवतात. कुस्तीत पाठ टेकली की खेळ संपला. आमच्या वस्तादांचा डाव पाठ टेकल्यावरच सुरू होतो, कारण ते ट्रकच्या खाली निजलेले असतात.

आमच्याकडे वडिलांच्या वेळची टाटा १२१० आहे. बारा टनांची, शंभर घोड्यांची. वजन आणि ताकद नावातच सांगून मोकळं व्हायची ती रीत. उसाचा हंगाम तोंडावर आला आणि गाडीने सेल्फ घेणं सोडलं. एकदा लागायची, चारदा नुसतीच ‘घर्रर्र’. मी दोन्ही बॅटऱ्या बदलल्या. ड्रायव्हरने उतार बघून गाडी लावायला सुरुवात केली. एकदा लग्नाच्या मांडवाला उतार होता म्हणून तो न बोलावता जेवूनही आला. शेवटी उद्यमनगरातलं वस्तादांचं शेड गाठलं.

वस्तादांनी गाडीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

“किती दिस झालं, मालक?”

“आठवडा.”

“म्हंजे तीन म्हैनं.”

डॉक्टर दारूचा हिशेब धरतात, तसा वस्ताद गिऱ्हाइकाचा धरतात. मग त्यांनी डोळे मिटून दोनदा सेल्फ मारायला लावला. दोन्ही वेळा घर्रर्र. गाडी गिअरमध्ये टाकून पोरांकडून हातभर ढकलून घेतली, न्यूट्रल केली, पुन्हा सेल्फ. पहिल्या फटक्यात चालू!

“सेल्फ जित्ता हाय. दात गेल्यात. तुमचं न्हवं, रिंगचं.”

सहा सिलिंडरचं इंजिन बंद होताना वाटेल तिथे थांबत नाही. कॉम्प्रेशनला अडून ते फेऱ्यातल्या ठरावीक तीन जागांपैकी एका जागी थांबतं. मग सेल्फचा पिनियन फ्लायव्हीलच्या रिंगवर त्याच तीन ठिकाणच्या दातांवर आदळत राहतो. बाकीची रिंग नवरीसारखी, आणि या तीन जागा आजीच्या तोंडासारख्या.

वस्तादांचंही काम ठरावीक तीन जागी थांबतं. शाफ्ट सुटला की चहा. गिअरबॉक्स उतरला की तंबाखू. आणि क्लच निघून फ्लायव्हील उघडं पडलं की मर्सिडीजची गोष्ट. “आज शेठ लोक एसीत बसून फिरवत्यात ती मर्सिडीज मी पहारीनं खोललीया.” टाटा आणि डेमलर-बेन्झचा करार १९५४ ते १९६९ होता आणि तेव्हाच्या ट्रकच्या नाकावर तो तीन टोकांचा तारा असायचा, हे खरं. पण मी एकदा वस्तादांचं वय ताडून पाहिलं. करार संपला तेव्हा ते पहिलीत होते. अर्थात ताऱ्याच्या गाड्या पुढे कैक वर्षं रस्त्यावर होत्या, त्यामुळे संशयाचा फायदा त्यांना.

मी काटकसरीचा उपाय सुचवला. “जुनीच रिंग उलटी करून बसवली तर? दातांची दुसरी बाजू कोरी असेल.”

वस्तादांनी रिंगवर बोट फिरवलं. “ही उलटलेलीच हाय. तुमच्या वडलांनी.”

खानदान कळलं.

मग छन्नी-हातोड्याने जुनी रिंग फोडली. पिनियनचेही दात खाल्ले गेले होते, म्हणून पिनियनसकट बेंडिक्स नवा. बुश ढिला होता, म्हणून तोही. “नव्या रिंगला जुना पिनियन म्हंजे नव्या सुनंला जुनी सासू. चार दिसात खाऊन टाकील.” प्रत्येक उपमेचं बिल वेगळं लागत होतं.

नवी रिंग थंडपणी फ्लायव्हीलवर बसतच नाही, जरा लहानच असते. ती तापवून फुगवायची आणि चटकन टाकायची; निवली की आवळून बसते. पण जास्त तापून निळी पडली तर दातांचं पाणी उतरतं. वस्ताद बर्नरची ज्योत गोल गोल फिरवत होते आणि मधूनच सोल्डरची तार रिंगला टेकवत होते. तार वितळली. तेवढ्यात चहा आला. वस्तादांनी पाहिलं नाही. पोऱ्याने तंबाखूची डबी पुढे केली, ती पायाने लोटली. रिंगची तिरकी कड पिनियनच्या बाजूला आली का, एवढंच एकदा निरखलं, दोन पकडींनी रिंग उचलली आणि टाकली. लाकडाच्या ठोकळ्याने चारी बाजूंनी चार ठोके. संपूर्ण शेडात कोणी बोललं नाही. मर्सिडीजसुद्धा निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं जोडून झाल्यावर मान मला दिला. “मारा सेल्फ, मालक.”

मी चावी फिरवली. गाडी इतक्या गुमान चालू झाली की मला पत्ताच लागला नाही. मी पुन्हा सेल्फ मारला.

चालू इंजिनावर! काय कर्कश किंचाळली ती!

वस्ताद सावकाश उठले, खिडकीशी आले आणि चावी काढून घेऊन ड्रायव्हरच्या हातात दिली.

“पोऱ्या,” ते म्हणाले, “मालकास्नी चा सांग. बिनसाखरंचा.”